काळ्या ठिपक्यांची दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. पण आकाशातले तारे बघायची नव्हे, माणसाच्या पोटात उतरून आतलं बघायची. दिसायला मी बोटाएवढ्या जाडीची काळी नळी. एका टोकाला डॉक्टरांनी डोळा लावायची काच आणि दुसऱ्या टोकाला हरभऱ्याच्या दाण्याएवढी छोटी भिंगं. सिरसाळ्याजवळच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटात सध्या माझा मुक्काम आहे. पहिल्यांदा बघणारी मुलं मला साप समजतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. मात्र माझ्याबरोबर ज्यांनी चौदा वर्षं काढली, त्या बायनाबाईंची गोष्ट या मुलांना कुणी सांगितलेली नाही. म्हणून ती मी सांगते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. काचेची कांडी भट्टीत मऊ करतात आणि गुळाच्या पाकाची तार ओढावी तशी तिची तार ओढतात. ती केसाहून बारीक असते. काच असूनही ती वाकते. अशा हजारो तारा एकत्र बांधून माझ्या पोटात दोन जुड्या भरल्या. एक जुडी उजेड आत नेते, दुसरी आतलं चित्र बाहेर आणते. चित्राच्या जुडीतली प्रत्येक तार फक्त एक ठिपका आणते, तांबडा, गुलाबी, पिवळा, जसा असेल तसा. या टोकाला तारा ज्या क्रमानं लावलेल्या, त्याच क्रमानं त्या टोकाला. सगळे ठिपके शेजारी शेजारी बसले की चित्र होतं. एखादी तार मोडली तर तिच्या जागी काळा ठिपका उरतो. हे तुम्ही लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

एकोणीसशे एकोणनव्वद साली मी बीड जिल्ह्यात आले. परळी-सिरसाळा रस्त्याला आसपासच्या दूध सोसायट्यांनी मिळून एक सहकारी दवाखाना उभा केला होता. कुणी दगड आणून टाकले होते, कुणी बैलगाडीनं वाळू ओढली होती. मला आणायचं सभासदांच्या सभेत ठरलं. पोट दुखलं की थेट अंबाजोगाईचा मोठा दवाखाना गाठावा लागायचा, ते थांबावं म्हणून.

माझी पेटी उघडली तेव्हा डॉक्टर सुग्रीव केंद्रे यांच्याशेजारी बायनाबाई उभ्या होत्या. त्या दवाखान्यात मावशी होत्या, म्हणजे झाडण्यापासून हत्यारं उकळण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. नवरा लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी वारलेला. मूलबाळ नाही. एक धाकटा भाऊ होता, धुळाजी. आई गेली तेव्हा तो रांगत होता, त्याला बायनाबाईंनीच वाढवलं. तो मेंढ्या राखायचा. त्या दिवशी तो बहिणीला ताक द्यायला म्हणून आला होता आणि व्हरांड्यातून डोकावत होता.

डॉक्टरांनी दिव्याची पेटी लावली. माझं टोक उजळलं. त्यांनी मला वाकवलं, तरी उजेड तसाच.

बायनाबाईंनी टोकाला बोट लावून पाहिलं. "गार हाय," त्या म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "साहेब, उजेड तर सरळ जातो. नळी वाकडी केली तरी त्यो भाईर कावून सांडत न्हाई?"

"तुम्ही विहिरीत पोहलात कधी?"

"मी न्हाई. ह्यो पवतो." त्यांनी धुळाजीकडे बोट केलं.

"बुडी मारून तिरकं वर बघितलंस का रे कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"बघितलंय की," धुळाजी दारातून म्हणाला. "डोक्यावर सरळ बघितलं तर आभाळ दिसतंय. लई तिरकं बघितलं की वरचं पाणी आरशावानी चमकतं. भाईरचं काय दिसत न्हाई."

"तेच आहे हे," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "पाण्यातला उजेड खूप तिरका येऊन वरच्या कडेला लागला, तर तो हवेत जातच नाही. सगळाच्या सगळा परत आत फिरतो. या तारेत आतली काच एक आणि तिच्यावर पातळ थर दुसऱ्या काचेचा. त्या थरात उजेड जरा जास्त वेगानं धावतो. म्हणून आतला तिरका उजेड त्या थराला लागला की परत आत येतो. असा हजारो वेळा टप्पे घेत घेत तो या टोकापासून त्या टोकाला पोचतो."

धुळाजी मान डोलवत राहिला. आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीला डॉक्टरांनी एवढी किंमत दिली, याचं त्याला नवल वाटलं असावं. जाताना तो बहिणीला म्हणाला, "आक्का, हिला जपून वापर. हिच्या पोटात आपली हीर हाय."

बायनाबाईंनी मला जपलं. काम झालं की त्या मला औषधाच्या पाण्यात ठेवायच्या, आतल्या बारीक वाटांतून ब्रश फिरवायच्या, मग स्वच्छ पाण्यानं तीन वेळा धुवायच्या. मला गुंडाळून ठेवायचं नसतं, मोठ्या वळणात ठेवायचं असतं, हे त्यांना एकदा सांगितलं ते पुरलं. दसऱ्याला त्या माझ्या पेटीला हळदकुंकू लावायच्या, मला नाही. मला काही लावायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

ते दिवस चांगले होते. माझ्या उजेडात डॉक्टरांना कितीतरी जखमा दिसल्या, वेळेवर औषध मिळालं आणि माणसं आपल्या पायांनी घरी गेली. एका पोरीनं गिळलेली कानातली कुडी मी चिमट्यानं बाहेर काढून दिली होती. दवाखान्याचे चेअरमन आप्पाराव पाहुण्यांना घेऊन यायचे आणि माझी पेटी दाखवायचे. बायनाबाई मागं उभ्या राहून पदर नीट करायच्या. माझं कौतुक झालं की त्यांना आपलं झाल्यासारखं वाटायचं.

मग सलग तीन वर्षं पाऊस रुसला. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात दवाखान्याच्या बोअरला पाण्याऐवजी फुफाटा यायला लागला. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, आणि त्याची वेळ ठरलेली नसायची. भोंगा ऐकू आला की हातातलं टाकून पळायचं. चुकलं तर पुढच्या टँकरपर्यंत दवाखाना कोरडा. मला धुवायला पाणी लागतं, ते कमी करता येत नाही. त्यामुळे बायनाबाई आपल्या घरच्या हंड्यातली एक कळशी रोज माझ्यासाठी आणायच्या. घरी त्या स्वतः कशात भागवत होत्या ते मला माहीत नाही. त्यांच्या हातांच्या भेगा तेवढ्या मला कळायच्या.

वैशाखातल्या एका सकाळी मला धुऊन, पुसून त्या पेटीत ठेवत होत्या. तेवढ्यात भोंगा वाजला. त्यांनी मला ठेवलं, झाकण दाबलं, कडी लावली आणि हंडे घेऊन धावल्या. माझा एक वळसा पेटीच्या काठावर राहिला होता. कट् असा बारीक आवाज झाला. तो माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेला नाही.

पाणी भरून परत आल्यावर त्यांनी पेटी पाहिली. झाकण एका बाजूनं उचललेलं होतं. त्यांनी हळूच उघडलं, माझ्या अंगावरची चेप बोटानं चाचपली आणि तशाच डॉक्टरांकडे गेल्या. ओल्या लुगड्यानं.

"साहेब, माझ्या हातून दुर्बीण चेंगरली."

डॉक्टरांनी डोळा लावून पाहिलं. चित्राच्या उजव्या कडेला, घड्याळात तीन वाजल्याची जागा असते तिथं, तारांचा एक घोळका मोडला होता. तिथं काळा डाग दिसत होता. बाकी सगळं जसंच्या तसं.

"तुम्ही सांगितलंत ते बरं केलं," ते म्हणाले. "नाहीतर मला रोग्याच्या पोटात गेल्यावर कळलं असतं."

त्याच दिवशी त्यांनी दवाखान्याच्या कमिटीला पत्र लिहिलं. मला दुरुस्तीला मुंबईला पाठवा, तोवर रोगी अंबाजोगाईला जाऊ द्या. आप्पाराव स्वतः आले. दुष्ट माणूस नव्हता तो. चारा छावणीत जनावरं किती, टँकर किती, यातच त्यांचा दिवस जात होता. ते उभ्या उभ्या म्हणाले, "दिसतंय ना त्यातून डॉक्टर? मग चालू द्या. एवढा दुष्काळ सरू द्या, मग बघू. आत्ता लोकांना एसटीचं भाडं परवडत न्हाई, त्यांना अंबाजोगाईला कसं धाडायचं?"

पत्र फायलीत गेलं. डॉक्टरांनी आणखी एक लिहिलं, तेही गेलं. मग काळ्या डागाची त्यांनाही सवय झाली. नळी थोडी फिरवली की डाग सरकतो आणि मागचं दिसतं. ते दरवेळी फिरवायचे.

श्रावणात धुळाजी आला. चाऱ्यासाठी मेंढ्या घेऊन तो दूर गोदाकाठाला गेला होता, तिथून परतला तो वाळून. गालाची हाडं वर आली होती. बायनाबाईंनी त्याला बघितलं आणि हातातला झाडू भिंतीला टेकवला.

"काय झालं रं तुला?"

"काय न्हाई आक्का. पोटात आग पडतीय. भाकर खाल्ली की वर येतीय. तुझ्या दुर्बिणीतनं बघ म्हणावं साहेबाला."

त्या दिवशी सिरसाळ्याचा बाजार होता आणि बाजाराच्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसायची. वीज दोनदा गेली. धुळाजी मेजावर कुशीवर झोपला. बायनाबाईंनी त्याचं डोकं धरलं. मी त्याच्या घशातून खाली गेले.

मित्रांनो, माझ्या टोकाशी पाण्याची एक बारीक वाट असते. भिंगावर काही चिकटलं तर त्या पाण्यानं ते धुवायचं. त्या दिवशी माझी पाण्याची बाटली तळाला गेली होती, म्हणून भिंग नीट धुता येत नव्हतं. टँकर चौथा दिवस झाला तरी आला नव्हता. धुळाजीला उमाशांवर उमासे येत होते. तो हातपाय झाडायला लागला. बायनाबाई त्याच्या कानाशी म्हणत होत्या, "झालं रं, झालं, लेकरा." डॉक्टरांनी आत नजर फिरवली, सूज दिसली, आणि त्याला फार त्रास होतोय असं बघून मला बाहेर काढलं.

त्या दिवशी त्यांनी मला फिरवलं नाही.

त्या काळ्या डागाच्या मागं, जठराच्या भिंतीवर एक जखम होती. काठ उचललेली, चिंचोक्याएवढी. माझा उजेड तिच्यावर पडला होता. उजेड नेणारी जुडी धड होती. पण जखमेचं चित्र ज्या तारांनी वर आणायचं त्या तारा मोडलेल्या होत्या. तिचा उजेड माझ्यात शिरला आणि अर्ध्या वाटेत संपला. मला बोलता आलं असतं तर मी त्या दिवशी बोलले असते.

डॉक्टरांनी सुजेच्या गोळ्या दिल्या. धुळाजीला आठ-दहा दिवस बरं वाटलं. मेंढ्या राखायला तो परत गेला. पुन्हा आला तो माघात, त्याची बायको मंजुळाबाई त्याला टेकू देऊन घेऊन आली. आता त्याला पाणीही गिळवत नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा बघितलं, या वेळी नळी पूर्ण फिरवली. मग ते स्टुलावर बसून राहिले. बायनाबाईंनी मला त्यांच्या हातातून घेतलं आणि काही न विचारता धुवायला नेलं.

अंबाजोगाईला नेलं. कॅन्सर फार पसरलाय असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. धुळाजी घरी परत आला आणि होळीच्या आधी गेला. शेवटचे दोन दिवस तो विहिरीचंच बोलत होता म्हणे. पाणी आलंय का, कुठवर आलंय, असं बहिणीला विचारत होता. विहीर कोरडी ठणठणीत होती. बायनाबाई त्याला सांगायच्या, "आलंय. पायरीपतोर आलंय."

तेराव्यानंतर त्या कामावर आल्या. सकाळी झाडून घेतलं, पाणी भरलं. मग डॉक्टरांच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, मला ती दुर्बीण बघायची हाय. चौदा वर्सं धुतली, आत कधी बघितलं न्हाई."

डॉक्टरांनी मला काढलं, टोकासमोर वर्तमानपत्र धरलं आणि डोळा कुठं लावायचा ते दाखवलं. बायनाबाईंनी एक डोळा मिटला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण अक्षरं दिसली, आणि अक्षरांच्या कडेला तो डाग दिसला. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"एवढुसाच हाय," त्या म्हणाल्या.

"बायनाबाई, चूक माझी आहे. नळी फिरवायला हवी होती. मी फिरवली नाही."

"फिरवायची पाळी आली कावून? म्या झाकण लावलं म्हून."

बाहेर रोगी खोकत होते.

पुढच्या महिन्यात दवाखान्याच्या आवारात सभासदांची वार्षिक सभा भरली. बायनाबाई नवऱ्याच्या शेअरवर सभासद होत्या, पण सभेत त्यांचं काम चहा देण्याचं असायचं. त्या दिवशी त्या माझी पेटी घेऊन आल्या. आप्पाराव छापील अहवाल वाचत होते. पेटी त्यांनी टेबलावर ठेवली, तेव्हा ते थांबले.

"काय हाय बायनाबाई?"

"चेअरमनसायेब, तुमी ह्यातनं बघा."

आप्पारावांनी इकडंतिकडं पाहिलं. डॉक्टर खुर्चीवरून उठून उभे राहिले होते, पण अडवायला नव्हे. बायनाबाईंनी माझं टोक उन्हात अहवालाच्या पानावर धरलं. आप्पारावांनी काचेला डोळा लावला.

"वाचा," बायनाबाई म्हणाल्या.

"दवाखान्याची... सर्व..." ते थांबले. "पुढचं दिसंना."

"तितंच माझा भाऊ व्हता."

बायनाबाईंचा आवाज चढला नाही. "पयली चूक माझी. झाकण म्या लावलं. टँकरच्या घाईत लावलं. पर म्या त्याच दिशी सांगितलं. साहेबांनी लिवलं, दोनदा लिवलं. तुमी दुष्काळ सरू द्या म्हणालात. आता दुष्काळ सरला तरी मला काय त्याचं." मग त्यांनी मला पेटीत ठेवलं. सगळ्या सभेसमोर काठावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि मगच झाकण लावलं.

डॉक्टर म्हणाले, "तिसरी चूक माझी. ती अहवालात लिहा."

आप्पाराव खाली बसले. अहवालाचं पुढचं कुणी वाचलं नाही. मला लगेच बंद करायचं ठरलं, आणि दीड वर्षानं नवी दुर्बीण आली. तिच्यात चित्र आणणाऱ्या काचेच्या तारा नाहीत, टोकालाच इवलासा कॅमेरा आहे आणि चित्र पडद्यावर दिसतं. तीही बायनाबाईंनीच सांभाळली. कामावर होत्या तोवर दर आठवड्याला मलाही त्या पुसायच्या, मी कुणाच्या उपयोगाची राहिले नव्हते तरी.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला या शाळेला दिलं. बायनाबाई मला स्वतः घेऊन आल्या. कपाट बघून त्यांनी गुरुजींना एवढंच सांगितलं, "गुंडाळू नका तिला. मोठ्या वळणात ठिवा." त्यानंतर त्या आल्या नाहीत. मंजुळाबाईंकडे राहतात, असं गुरुजींच्या बोलण्यात आलं.

मित्रांनो, तुमच्या हातून काही मोडलं तर लपवू नका, लगेच सांगा. बायनाबाईंनी सांगितलं होतं. आणि कुणी सांगायला आलं, तर हातातलं काम बाजूला ठेवून त्याचं ऐका, त्याच दिवशी ऐका. सांगणाऱ्याला धीर लागतो. ऐकणाऱ्याला थोडा वेळच द्यावा लागतो, आणि तेवढाही कमिटीनं दिला नाही.

विज्ञानाच्या तासाला गुरुजी मला बाहेर काढतात. माझं टोक खिडकीतून बाहेर काढतात आणि मुलं एकेक करून डोळा लावतात. उजेड अजूनही टप्पे घेत घेत येतो. मुलांना आवारातला लिंब दिसतो, त्याखालची सायकल दिसते. मग कुणीतरी विचारतं, उजवीकडे काळं आहे तिथं काय आहे? गुरुजी नळी फिरवून दाखवतात. धुळाजीच्या पोटात तिथं काय होतं ते मला माहीत होतं, आणि मला ते कुणाला सांगता आलं नाही.